कॅमेऱ्याकडे बघू नका

नैसर्गिक कसं वागायचं याची नियमावली आम्हाला रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आली. नऊ पानी. पाठवणारी माझी धाकटी मेहुणी, मुक्काम कॅलिफोर्निया. निमित्त नानांच्या पंचाहत्तरीचं. नाना म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात राहतात, आणि कुणी मोबाइल वर धरला की आधार कार्डाचा फोटो काढायला आल्यासारखे ताठ होतात.

मेहुणीचं म्हणणं असं, की आपल्या घरात एकही ‘खरा’ फोटो नाही. माणसं रांगेत उभी, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, चेहऱ्यावर साक्ष द्यायला बोलावल्याचा भाव. तिकडं आता लाइफस्टाइल फोटोग्राफी करतात. पोझ द्यायचीच नाही. फोटोग्राफर घरी येतो, आपण आपलं रोजचं जगत राहायचं, तो गुपचूप टिपत राहतो. त्यातले निवडक फोटो मोठे करून समारंभाच्या हॉलमध्ये लावायचे.

“रोजचं जगणं टिपायचे घेतो किती?” मी विचारलं. आकडा ऐकला आणि ज्या दिवशी हा माणूस येईल तो दिवस काही रोजच्यातला राहणार नाही याची खात्री पटली.

नियमावलीत लिहिलं होतं : सगळ्यांनी अगदी नॅचरल राहायचं. कपडे हस्तिदंती, मातकट आणि शेवाळी या तीनच रंगांत. जरीकाठ नको, चमकी नको. केस पाच दिवस आधी कापून घ्यावेत, म्हणजे कापल्यासारखे वाटत नाहीत. फोटोग्राफर हजर आहे हे विसरून जावं. कॅमेऱ्याकडे बघू नये. हे शेवटचं ठळक अक्षरांत, खाली लाल रेघ मारून.

“पंचाहत्तरीला जरीकाठ नको?” सासूबाई म्हणाल्या. “मातकट नेसून कुणाचं सुतक पाळायचंय?” नानांच्या कपाटात पांढऱ्याशिवाय रंगच नाही. पण त्यातला सगळ्यात जुना शर्ट आपोआप हस्तिदंती झालेला निघाला, तेव्हा त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. माझा हस्तिदंती शर्ट मात्र नवा घेतला होता. साताऱ्याहून निघून पेठ नाक्यावर चहाला थांबलो, तिथं तो निम्मा मातकट झाला. दोन्ही रंग नियमात बसत होते, तरी बायको सांगलीपर्यंत बोलली नाही.

इकडं सासूबाईंनी घर आवरायला काढलं होतं. भिंतीवरचं कालनिर्णय उतरलं. दोरीवरचे कपडे गेले. औषधांचा डबा, नानांची छत्री, दारामागची पिशव्यांनी भरलेली पिशवी, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर, सगळं मागच्या खोलीत गेलं. शनिवारी सकाळी फोटोग्राफर आत आला, चारी बाजूंना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“काकू, इथं राहतं कोण?”

“आम्हीच.”

“मग वस्तू कुठायत?”

सासूबाईंनी अभिमानानं मागची खोली उघडून दाखवली. जमिनीपासून तुळईपर्यंत संसार रचलेला. पोरगा हरखला. “हेच पाहिजे होतं! हे सगळं बाहेर आणू या.” सासूबाईंनी दार ओढून कडी घातली. “ही खोली फोटोत दिसली तर मी समारंभाला यायची नाही,” त्या म्हणाल्या. बरीच बोलणी होऊन शेवटी पसाऱ्याचे तीनच नग मंजूर झाले : एक तांब्या, एक चष्म्याची डबी आणि वर्तमानपत्र.

वर्तमानपत्रावरून लगेच गाडं अडलं. पोरगं ते सोफ्यावर विस्कटून ठेवायचं आणि नाना येऊन घडी घालायचे. त्यानं पुन्हा विस्कटलं की नानांनी पुन्हा घडी घातली.

“नाना, पेपर असू दे की असाच. नॅचरल वाटतं.”

“माझा नॅचरल पेपर घडी घातलेलाच असतो.”

हा पोरगा मूळचा विट्याचा, शिकला पुण्यात. शांत असला की ‘ऑर्गॅनिक फ्रेम’ वगैरे बोलायचा आणि वैताग आला की सरळ विट्याला परत जायचा. दुपारपर्यंत तो विट्यात पोचला होता.

त्याच्याबरोबर दोन साहाय्यक होते, तीन कॅमेरे, एक छत्रीचा दिवा आणि उजेड फेकायची माणूसभर उंचीची चंदेरी तबकडी. आमच्या पोर्चमध्ये ही पलटण उतरताना बघून समोरच्या घरातल्या मावशी ‘कुणाची धाड पडली?’ म्हणून विचारून गेल्या. कार्तिए-ब्रेसाँ नावाचा फ्रेंच फोटोग्राफर रस्त्यावरचं खरंखुरं आयुष्य टिपण्यासाठी जगभर नावाजलेला. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून तो आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकायचा म्हणे. आमच्याकडं ती चंदेरी तबकडी फिरली की देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या डोळ्यांवर तिरीप यायची, आणि तिच्यासमोर उभं राहून तबकडी नाहीच असं समजायचं होतं.

माजघराच्या भिंतीपाशी मात्र त्याची कळी खुलली. कमरेच्या वर, खांद्याच्याही वर, गिलावा पोपडे धरून सुटलेला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. “वा! काय टेक्श्चर आहे!”

“टेक्श्चर नव्हे, पूर आहे,” नाना म्हणाले. “हा 2019चा. खालचा तो 2005चा.”

आणि मग पाटबंधारे खातं जागं झालं. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, 2019च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, कोयनेतून किती सोडलं होतं, अलमट्टीत किती अडलं होतं, हे सगळं नानांनी भिंतीवर बोटानं आखून दाखवलं. त्या पुरात त्यांनी माळ्यावर आधी लग्नाचा अल्बम चढवला आणि मग तांदूळ. तांदळाचा नंबर दुसरा का लागला, हे सासूबाई आजही विचारतात. फोटोग्राफर हे सगळं ऐकत उभा होता. कॅमेरा खाली. नानांचं आवरल्यावर म्हणाला, “चला, आता काहीतरी नॅचरल बोला.”

“काय बोलू?”

“काकूंशी बोला. रोज बोलता तसं.”

नानांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी पदर सावरला. दोन मिनिटं गेली.

“वीजबिल भरलं का?” नाना म्हणाले.

“तसं नको हो. प्रेमानं काहीतरी.”

“प्रेमानंच विचारतोय. मुदत टळली की दंड पडतो.”

ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं आणि मराठी नाटकाचा श्रीगणेशा केला, त्या नाट्यपंढरीतल्या माणसाला बायकोशी चार वाक्यं खरी वाटतील अशी बोलता येऊ नयेत? पण नानांचा नाटकाशी संबंध कॉलेजातल्या एका भालदारापुरता. तेव्हाही त्यांना न हलता उभं राहायचंच काम होतं आणि ते त्यांनी उत्तम केलं, असं सासूबाई सांगतात.

पोरग्यानं मग लॅपटॉप उघडून नमुने दाखवले. परदेशातली कुटुंबं. एका पांढऱ्याशुभ्र पलंगावर आई, बाप, पोरं, कुत्रं, सगळी एकमेकांच्या अंगावर पडून खिदळताहेत.

“हे असं आपल्याला करायचंय.”

माजघरात शांतता पसरली. सासूबाई पलंगाकडं बघेनात. नाना खाकरले.

“जावई कुठं बसणार?” त्यांनी विचारलं.

“सगळे पलंगावरच. सरांनी असं काकूंच्या पायाशी लोळायचं...”

सासूबाई जी स्वयंपाकघरात गेल्या त्या पलंगाचा विषय संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी त्या माझ्यासमोर खुर्चीला पाठसुद्धा टेकत नाहीत, कडेला बसतात. ‘जावईबापू’ म्हणून मला ताट आधी वाढलं जातं, आणि या पोराला मी त्यांच्या पायाशी उशी घेऊन लोळताना हवा होतो. सुटकेचा निःश्वास मी टाकला तो मात्र अगदी नैसर्गिक होता. तो कुणी टिपला नाही.

पुढचा नमुना स्वयंपाकघरातला. आजी आणि नात पोळ्या लाटताहेत, दोघींच्या नाकाला पीठ लागलंय, दोघी हसताहेत. सासूबाईंनी आयुष्यात नाकाला पीठ लावून घेतलेलं नाही. त्या पोळ्या लाटतात तेव्हा ओटासुद्धा कोरडा राहतो. “पिठाचा असा नास करायचा? आणि वर हसायचं?” त्यांनी विचारलं. शेवटी साहाय्यकानं ब्रशनं पाव चमचा पीठ त्यांच्या नाकावर लावलं. त्यांना शिंक आली. एक, दुसरी, मग शिंकांची माळच. परातीतलं उरलेलं पीठ हवेत गेलं, तबकडी पांढरी झाली, माझ्या भाचीला हसू आवरेना. “थांबा थांबा, हसू नका, लेन्स पुसतो!” विट्याहून आवाज आला.

मी आणि बायको यांनी एकमेकांना कंदी पेढा भरवावा असं ठरलं. पेढे मीच साताऱ्याहून आणलेले, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. एकमेकांना काही भरवण्याचा प्रकार आमच्यात लग्नाच्या पंगतीनंतर झाला नव्हता. मी पेढा पुढं केला. बायकोनं माझ्या डोळ्यांत बघत, ओठ न हलवता, अत्यंत प्रेमळ चेहऱ्यानं सांगितलं, “अहो, पोट आत घ्या.” पोट आत घेऊन, चहाचा डाग पेढ्याच्या हातानं झाकून, कॅमेऱ्याकडं न बघता, रोजच्यासारखं हसायचं. योगासनांतही एवढी कठीण स्थिती मी पाहिलेली नाही. पुढं भडंगाचा वाडगा मध्ये ठेवून सगळ्यांनी खात खात हसायचं असा प्रसंग झाला. शेंगदाणा मेव्हण्याच्या घशात गेला, आणि पाठीवर गुद्दे मारणाऱ्या कुटुंबाचे फोटो चाळीसच्या वर निघाले.

दुपारी जेवणं झाल्यावर साहाय्यक ओसरीवर लवंडले आणि नानांनी तो पुरातून वाचलेला अल्बम काढला. पहिल्याच पानावर लग्नाचा फोटो, 1976चा. काठ फुगलेले, कोपऱ्यात पुराची तपकिरी लाट. मधोमध नाना खुर्चीत, हात गुडघ्यांवर. सासूबाई शेजारी उभ्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागं पडद्यावर रंगवलेला संगमरवरी जिना, कुठं जातो ते रंगवणाऱ्यालाही माहीत नसावं.

नाना त्या स्टुडिओचं वर्णन अजून तपशिलानं करतात. बाहेरच्या खोलीत आरसा. आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. खुंटीवर सगळ्या सांगलीला होईल असा एकच कोट. तो नानांना दोन माणसांइतका ढगळ झाला, म्हणून मागून चिमटे लावून आवळला. फोटोत दिसतो तो ऐटबाज कोट फक्त पुढून कोट आहे. मग फोटोग्राफर काळ्या कापडाखाली गेला, परत बाहेर आला, दोन बोटांनी नानांची हनुवटी एक सूतभर खाली केली, नव्या नवरीचा पदर नीट केला, पुन्हा कापडाखाली गेला. आतून आवाज आला : “श्वास घ्या. धरा. हलू नका.”

“हसा म्हणाला नाही?” भाचीनं विचारलं.

“हसायचं कशाला? दाढी केली, इस्त्री केली, टांग्याला पैसे दिले. एवढा खर्च करून हसण्यावारी न्यायचं?”

बरोबरच होतं त्यांचं. फोटोचा जन्म झाला तेव्हा, म्हणजे 1839च्या आसपास, माणसाला काचेसमोर बराच वेळ दगड होऊन बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. पुढं रोल आले तरी कंजुषी गेली नाही. आमच्या घरी ॲग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये 12 फोटो. गणपतीत घातलेला रोल दिवाळी, हळदीकुंकू, शिमगा करत करत मेमधल्या लग्नात संपायचा. धुऊन आला की पहिल्या फोटोवर उजेड पडलेला, शेवटच्यात निम्मं लग्न कापलेलं, आणि मधल्या एकात माझ्या काकांचा अंगठा. अशा रोलवर पोराचं खिदळणं टिपायची उधळपट्टी कोण करणार? फोटोग्राफर ‘हलू नका’ म्हणायचा त्यामागं अख्ख्या घराचं अर्थशास्त्र उभं असायचं. आमच्या विटेकरानं एका दुपारीत पंधराशे फोटो काढले आणि तरी म्हणत होता, “अजून ते गवसंना बघा.”

जे गवसत नव्हतं ते नानांचं हसू. चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढायला लावला. चष्म्याविना नानांना समोर कोण आहे ते कळेना, म्हणून ते फ्रिजकडं बघून आदबीनं हसले. रात्री मी मोबाइलवर शोधलं. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1862 साली एका म्हाताऱ्याच्या तोंडाला विजेच्या तारा लावून हसण्याचा अभ्यास छापला. ओठांचे स्नायू हुकमानं हलतात, पण खरं हसू असलं तरच डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो, असं त्याचं म्हणणं. मी हे नानांना वाचून दाखवलं. “माझ्या डोळ्यांना मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ताण द्यायचा नाही,” ते म्हणाले. कास पठारावरची टोपली कारवीसुद्धा सात वर्षांतून एकदा फुलते. नानांचा हंगाम कधी आहे ते आमच्यात कुणालाच सांगता येईना.

रविवारचा मुक्काम मेणवलीचा. हाही मेहुणीचाच हुकूम. ‘स्वदेस’ (2004) तिथं चित्रित झाला. अमेरिकेतून परतलेला नायक त्या घाटावर फिरतो, म्हणून आमचे फोटोही तिथले हवेत, म्हणजे मुळांशी जोडल्यासारखं वाटतं. तिची मुळं गावभागात आहेत, पण तिथं घरासमोर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर आहे. तेव्हा सांगलीचं अख्खं कुटुंब पहाटे उठून, कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध शंभरावर किलोमीटर, वाईजवळ नाना फडणविसांच्या गावी मुळं शोधायला निघालं. साडेतीन शहाण्यांपैकी अर्धं शहाणपण ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या वाड्यासमोर आम्ही हस्तिदंती रंगात उतरलो, तेव्हा उरलेले तीन आमच्यात नाहीत हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

घाट सुंदर आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या स्वारीतून आलेली ती थोरली पोर्तुगीज घंटा. आमच्याआधी तिथं दोन प्री-वेडिंग आणि एक बारसं होतं. आम्हाला कोपऱ्यातल्या पायऱ्या मिळाल्या. नानांनी नातवाला पाण्यात पाय सोडून गोष्ट सांगायची, असं ठरलं. नाना पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर गेले, मान ताठ. नातवानं मोबाइल मागितला.

खालच्या पायरीवर एक गृहस्थ तांब्याची घागर घासत होते. डोक्याला पटका, अंगात बंडी. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं, तबकडी कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि उठून उजेडात येऊन बसले.

“क्लोज हाय का लांबनं?” त्यांनी फोटोग्राफरला विचारलं.

“अं... वाइड.”

“मग घागर डाव्या हातात घेतो.”

वाईच्या परिसरात ‘गंगाजल’पासून ‘दबंग’पर्यंत इतके सिनेमे झालेत की पाठीमागनं जाणारा माणूस हा तिथं एक पेशाच झाला असावा. या गृहस्थांना त्यातलं सगळं ठाऊक होतं. कॅमेरा वर झाला की त्यांचं घागरीवर असं चित्त लागायचं, की बघणाऱ्याला ती घागर घ्यावीशी वाटावी. कॅमेरा खाली गेला की ते विडी काढायचे.

“नाना,” त्यांनी आमच्या नानांना सांगितलं, “तुमी त्या पिपळाकडं बघा. मी कायतरी बोलतो, तुमी फकस्त मान हलवा. मानंवर जोर नका देऊ.”

“धोममधून आज किती सोडलंय?” नानांनी विचारलं.

“आसं इचारायचं नसतंय. निस्तं व्हट हलवायचं. आवाज मागनं भरत्यात.”

तासाभरानं उजेड गेला. जाताना त्या गृहस्थांनी दोनशे रुपये मागितले आणि वर हळहळले, “आदी सांगितलं आसतं तर म्हस बी आणली आसती.”

पंधरा दिवसांनी फोटो आले. नानांनी चष्मा लावून सगळे बघितले आणि लॅपटॉप मिटला. “एकातही कुणी समोर बघत नाही. लोकांना वाटेल, भांडण झालंय.” सासूबाईंनी फक्त मागची खोली कुठं दिसत नाही ना एवढं तपासलं. त्यांच्या शिंकेच्या फोटोला मेहुणीनं तिकडच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ‘प्युअर जॉय’ असं नाव दिलं होतं.

हॉलच्या दारात लावायचा फोटो तिनंच निवडला आणि सांगलीतच सहा फुटांचा छापून घेतला. घाट, संध्याकाळचा उजेड, पाण्यावर सोनं. डावीकडं काठावर नानांचा निम्मा खांदा आणि नातवाचा पाय. मधोमध पटक्यातले ते गृहस्थ, घागरीवर हात, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर साऱ्या संसाराची तृप्ती. नियमाप्रमाणं कॅमेऱ्याकडं त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं.

समारंभाच्या दिवशी पाटबंधाऱ्यातली जुनी मंडळी कोयनानगरपासून आली होती. त्यांतले दोघं-तिघं गुलाबाचा हार आणि शाल घेऊन हॉलभर फिरत होते. मी पुढं होऊन नानांकडं बोट दाखवलं. त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला, आपुलकीनं विचारपूस केली, आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, “हे भेटले. पण ते दारातले पटकेवाले उत्सवमूर्ती कुठं बसलेत?”